बडोद्यातला मे महिना: सयाजीबागेत मुलांबरोबर वड, पळस, शाई आणि सावली

सुट्टीत मुलांना कमाटीबागेत, म्हणजे सयाजीबागेत, नेलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट होते. छोटी आगगाडी, मग पिंजरे, मग बर्फाचा गोळा, आणि अकरा वाजता लालबुंद चेहऱ्यांनी रिक्षा शोधायची. बाग पाहिली, पण हाताला काहीच लागलं नाही. त्यावर उपाय सोपा आहे. एका सकाळी एकच गोष्ट घ्यायची आणि ती पुरी करायची. खाली दिलेल्या गोष्टी सात ते तेरा वर्षांच्या मुलांना जमतात. दहा-बारा मुलांमागे दोन मोठी माणसं हवीतच.

वेळ ऊन ठरवतं. मेमध्ये इथे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि साडेनऊनंतर फरशी पायाला चटके देते. म्हणून साडेसहाला बागेत, नऊला बाहेर. दुपारी घरात हातकाम, किंवा संग्रहालय. प्रत्येक मुलाकडे एक लिटर पाणी आणि टोपी. शिवाय एका मोठ्या बाटलीत १ लिटर पाणी, ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, असं विरघळवून आणा. चमचे चहाचे, आणि सपाट म्हणजे सपाटच. मीठ अंदाजाने टाकलं तर पाणी खारट होतं आणि मुलं पीत नाहीत. एखादं मूल गप्प झालं, डोकं दुखतं म्हणालं, मळमळ सांगितली, तर कार्यक्रम तिथेच थांबवा. सावली, मानेवर आणि काखेत ओलं फडकं, घोटघोट पाणी. अंग तापलंय आणि मूल असंबद्ध बोलतंय किंवा घाम थांबलाय, तर वाट न बघता दवाखाना.

बागेत काहीही तोडायचं नाही, फक्त खाली पडलेलं उचलायचं. हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका, आणि मोठ्यांनीही पाळा.

वडापासून सुरुवात

या गावाचं नावच वडावरून आलं. इ. स. ८१२ च्या ताम्रपटात ‘वडपद्रक’ हे गाव अंकोट्टकाजवळचं म्हणून येतं, आणि अंकोट्टक म्हणजे विश्वामित्रीच्या पलीकडचं आजचं अकोटा. मुलांना हे झाडाखाली उभं राहून सांगावं. वर्गात सांगितलेलं ते विसरतात.

आधी मोजमाप. जमिनीपासून १.३ मीटरवर दोरी गुंडाळून बुंध्याचा घेर घ्या आणि मग ती दोरी टेपवर मोजा. मुलं दोरी तिरकी धरतात आणि घेर दहा-वीस सेंटिमीटरनी वाढतो; म्हणून एकाने मागून फिरून दोरी सगळीकडे सारख्या उंचीवर आहे का ते पाहायचं. पारंब्या जमिनीत रुजून खांब झालेले असतील तर ते वेगळे मोजा. नंतर बुंध्यापासून चार दिशांना, फांद्यांचं टोक जिथे संपतं तिथपर्यंत पावलं टाका. पावलांचे मीटर करून चार अंतरांची सरासरी काढली की छायेची त्रिज्या मिळते. तिचा वर्ग गुणिले ३.१४, एवढ्या चौरस मीटरवर हे एक झाड सावली धरतं. सातवी-आठवीच्या मुलांना वर्तुळाचं सूत्र पहिल्यांदा उपयोगी पडताना दिसतं, तो क्षण घाईत घालवू नका. एक साधा तापमापक झाडाखाली आणि दुसरा तेवढ्याच उंचीवर मोकळ्या फरशीजवळ, दोन्ही कागदाच्या आडोशाने, दहा मिनिटं ठेवा. आडोसा नसेल तर तापमापकाच्या काचेवर ऊन पडतं आणि आकडा हवेचा न राहता काचेचा होतो.

आता फळ. ‘उंबराचं फूल’ दिसणं दुर्मीळ, असं आपण म्हणतो, कारण उंबराची फुलं फळाच्या आत असतात. वडाचंही तसंच. देठ नसलेली, जोडीजोडीने लागलेली ती गोल फळं म्हणजे आत वळलेला फुलोरा. खाली पडलेलं एक हिरवं आणि एक लाल फळ घ्या, ब्लेडने (मोठ्या माणसाने) उभं कापा आणि भिंगातून दाखवा. आतली बारीक दाटी ही शेकडो फुलं. फळाच्या तोंडाशी खवल्यांनी मिटलेलं भोक दिसेल. त्या भोकातून मोहरीपेक्षा लहान माशी आत शिरते. वाट इतकी अरुंद असते की तिचे पंख तिथेच तुटतात. ती काही फुलांत अंडी घालते आणि बाहेरून आणलेले पराग इतर फुलांना देते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी असतात. ते आतच माद्यांशी मीलन करतात, बाहेर पडायला बोगदा कोरून देतात आणि मरतात. माद्या पराग घेऊन उडतात.

हे जिवंत पाहायचं असेल तर हिरव्याचं नुकतं नारिंगी होऊ लागलेलं, पण टणक आणि भोक न पडलेलं फळ शोधा. अशी पाच-सहा फळं काचेच्या बरणीत टाकून तोंडाला दुहेरी मलमल रबराने बांधा. बरणी उन्हात ठेवू नका. आत वाफ धरते आणि माश्या काचेला चिकटून मरतात. नशीब असेल तर दुसऱ्या सकाळी मलमलीच्या खाली बारीक काळसर माश्या चालताना दिसतात. पूर्ण लाल, मऊ फळातून त्या आधीच गेलेल्या असतात, म्हणून ‘पिकलेलं चांगलं’ हा नेहमीचा हिशोब इथे चालत नाही. फळाचा चीक डोळ्याला लागू देऊ नका, कपड्यावर पडला तर डाग जात नाही.

फळं लागली असली की पक्षी आपोआप येतात: साळुंक्या, कोकीळ, हरियाल, आणि टुक-टुक असा ठोका धरणारा तांबट. दुर्बीण नसली तरी वडाखाली वीस मिनिटं गप्प बसून कोण कुठल्या फांदीवर खातंय एवढं टिपता येतं.

सालीचा छाप हे लहानांचं काम. साधा पातळ झेरॉक्सचा कागद, वेष्टण काढलेला मेणखडू आडवा धरून हलक्या हाताने घासायचा. ड्रॉइंगचा जाड कागद घेतला तर छाप उमटत नाही, आणि कागद हाताने धरला तर सरकून दुहेरी येतो. कागदी चिकटपट्टीने चारही कोपरे लावा आणि नंतर ती काढून न्या. कडुनिंबाच्या खाचा सुरेख येतात. गुलमोहराची साल गुळगुळीत, तिच्यात फारसं हाती येत नाही.

नदीबद्दल एकच गोष्ट. विश्वामित्रीत मगरी आहेत, शहराच्या मध्यात, आणि त्या पुलावरूनच पाहायच्या. काठावर उतरायचं नाही, कचरा किंवा खाणं टाकायचं नाही. मादी उन्हाळ्याच्या तोंडाला काठावरच्या मातीत अंडी घालते आणि पावसाळ्याच्या सुमारास पिल्लं बाहेर येतात, म्हणून या दिवसांत ती घरट्याजवळ असते आणि चिडते. तोंड उघडं ठेवून पडलेली मगर रागावलेली नसते, ती अंग थंड करत असते. हे मुलांना सांगितलं की ती आरडाओरडा न करता बघतात.

दुपार: संग्रहालयात एक वस्तू

बाग १८७९ ची. तेव्हा सयाजीराव महाराज पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. महाराजांना पूर्ण अधिकार १८८१ मध्ये मिळाले. बागेतली संग्रहालयाची इमारत १८९४ ला पुरी झाली. शेजारची चित्रशाळा १९१४ ला बांधून झाली, पण युरोपातून यायची चित्रं पहिल्या महायुद्धात अडकली, आणि ती १९२१ ला उघडली. सुट्टीचा वार आणि वेळ आदल्या दिवशी फाटकावर विचारून घ्या, नाहीतर मुलं बंद दारासमोर उन्हात उभी राहतात.

सगळी दालनं फिरवू नका. प्रत्येकाने एक वस्तू निवडायची आणि तिच्यासमोर वीस मिनिटं बसायचं. पहिली दहा मिनिटं पाटी न वाचता फक्त चित्र काढायचं, पेन्सिलीने, खोडरबर न वापरता. मग तीन प्रश्न लिहायचे. त्यानंतर पाटी. पाटी आधी वाचली की डोळे थांबतात. उत्तर मिळाल्यावर कोण बघतं? देवमाशाचा सांगाडा निवडणाऱ्यांनी तो पावलांनी मोजावा आणि घरी येऊन तेवढी लांबी गच्चीवर खडूने आखावी. मोठ्या मुलांना अकोट्याच्या जैन धातुमूर्तींपाशी बसवा. त्या सापडल्या १९५१ मध्ये, आणि जिथे सापडल्या ते ठिकाण म्हणजे सकाळी ज्याचं नाव ऐकलं तेच अंकोट्टक. वेळ उरला तर दुसऱ्या दिवशी कीर्तिमंदिरातली नंदलाल बसूंची भित्तिचित्रं दाखवावीत, पण त्याच दिवशी नाही.

पळस: पत्रावळ आणि रंग

पळसाला पाने तीनच, हे खरोखर मोजून घ्यायला लावा. इथे बाजारात पळसाला खाखरो म्हणतात. पत्रावळीसाठी ताजी पानं फुलवाल्यांकडे आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागतात. वाळलेली पानं दुमडताना तडकतात. अगदीच मिळाली नाहीत तर वाळकी पानं ओल्या फडक्यात तासभर गुंडाळून मऊ करा. वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्या तोडून विकायला येतात. पत्रावळीसाठीही त्या घेऊ नका. आधी वडाखाली बसायला शिकवायचं आणि मग त्याची फांदी विकत घ्यायची, हे मुलांच्या डोळ्यांत खुपतं.

टाचायला खराट्याच्या हिरांचे तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे. ते अर्धा तास पाण्यात भिजवा, कोरडा हीर टाचताना मोडतो आणि पान फाडतो. मधे एक मोठं पान, गुळगुळीत बाजू वर. त्याभोवती सहा पानं, प्रत्येक शेजारच्यावर एकतृतीयांश चढवलेलं. हीर वरून घालून खालून घ्यायचा आणि पुन्हा वर आणून टोक खालीच दडवायचं. वर राहिलेलं टोक जेवताना बोटाला लागतं. टाका शिरेला समांतर घातला तर पान उभं चिरतं, म्हणून शिरेला आडवा घाला. तयार पत्रावळी एकावर एक ठेवून वर पाट आणि दोन वीटा, रात्रभर. सकाळी त्या सपाट निघतात. पहिली पत्रावळ गळकीच होते. तिच्यावर कोरडी भेळ द्या, आमटी दुसरीवर.

रंगाचं काम दोन दिवसांचं आहे, आणि त्याला घाई चालत नाही. बारा सुती रुमालांसाठी (प्रत्येकी साधारण २५ ग्रॅम, एकूण ३०० ग्रॅम) हे सामान: पळसाची वाळलेली फुलं ३०० ग्रॅम, हिरड्याची पूड ६० ग्रॅम, तुरटी ४५ ग्रॅम. देशी औषधांच्या दुकानात केसुडां, हरडे आणि फटकडी म्हणून मागा. पातेली स्टीलची. लोखंडी कढई वापरली तर सगळा रंग शेवाळी-काळपट होतो. हिरड्यातला तुरटपणा लोखंडाशी मिळून काळा रंग धरतो. हे लक्षात ठेवा, पुढे याच गोष्टीची शाई करायची आहे.

नव्या रुमालात खळ असते. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात वीस मिनिटं उकळा आणि खळखळून धुवा. कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहा: लगेच शोषला गेला तर ठीक, मोत्यासारखा वर राहिला तर पुन्हा धुवा. रंग डागडागाने बसतो त्याचं कारण दहातल्या नऊ वेळा इथेच असतं.

मग हिरडा. पूड ३ लिटर कोमट पाण्यात कालवून गाळा, रुमाल त्यात तासभर बुडवा, पिळा आणि न धुता सावलीत वाळवा. ते फिकट मातकट पिवळे होतात. सूत रंग सहज धरत नाही, हिरडा त्याला तुरटी धरायला मदत करतो. नंतर तुरटी थोड्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवून ३ लिटर करा आणि रुमाल दोन तास भिजवा. खडे राहिले तर तिथे गडद ठिपके येतात. पिळून, एकदाच हलकं धुवून, दमट असतानाच बांधणी बांधा: एक हरभऱ्याचा दाणा कापडात धरून खाली जाड दोरा सात-आठ वेढे, जितका ताणता येईल तितका ताणून. सैल वेढ्यातून रंग आत झिरपतो आणि गोल न येता धूसर डाग येतो.

फुलं आदल्या रात्री ६ लिटर पाण्यात भिजवलेली असावीत. सकाळी मंद आचेवर पाऊण तास उकळा आणि कापडातून गाळा, पाकळ्यांचे तुकडे राहिले तर ठसे पडतात. शेगडीजवळ मुलं नकोत. गाळलेल्या रंगात रुमाल सोडा, वाफ निघेल पण बुडबुडे येणार नाहीत एवढी आच ठेवून चाळीस मिनिटं अधूनमधून हलवा, आणि त्यातच थंड होऊ द्या.

थंड होईपर्यंत मुलांना तीन वाट्या द्या, प्रत्येकीत थोडा रंग. एक तशीच ठेवा. दुसरीत हरभऱ्याएवढा खायचा चुना मोठ्या माणसाने टाकायचा: पिवळ्याचा क्षणात दाट केशरी. तिसरीत लिंबू, ती फिकी पडते. मग केशरी वाटीत लिंबाचे थेंब पिळत जा. केशरी परत पिवळ्याकडे येताना दिसतं. रुमालही साबणाच्या पावडरीने धुतले की याच कारणाने तांबूस होतात, म्हणून ते रिठ्याने वेगळे धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. पळसाचा रंग उन्हात उडतो, हे आधीच सांगा, म्हणजे महिन्याभराने मुलं खट्टू होत नाहीत.

शाई, बोरू आणि मोडी

बडोदे संस्थानाचा जुना मराठी कारभार मोडीत चाले. त्यासाठी शाई घरी होते. २० ग्रॅम हिरडापूड २०० मिलिलिटर पाण्यात निम्मं होईपर्यंत उकळा, दुहेरी कापडातून गाळा. थंड झाल्यावर ५ ग्रॅम हिराकस (लोखंडाचा क्षार, फेरस सल्फेट) थोड्या पाण्यात विरघळवून घाला. पिवळट काढा डोळ्यांदेखत काळा होतो. वर ५ ग्रॅम भिजवून विरघळवलेला डिंक. डिंक कमी पडला तर शाई कागदात फुटते, जास्त झाला तर बोरूवरून उतरत नाही. हिराकस पोटात जाता कामा नये. बाटलीवर नाव लिहा, लहानांच्या हाती देऊ नका, आणि कपड्यांवर वर्तमानपत्राचा एप्रन बांधा. ही शाई लिहिताना करडी दिसते आणि हवा लागून काळी होत जाते, म्हणून ‘फिकी झाली’ म्हणून हिराकस वाढवू नका. जास्त झालेला हिराकस कागद खातो.

बोरू नसेल तर बांबूची कामटी. टोक तीन सेंटिमीटर तिरकं तासायचं, मधोमध एक सेंटिमीटरची चीर, आणि शेवटी दोन मिलिमीटर रुंदीचं टोक किंचित तिरपं छाटायचं. चीर नसली तर शाई एका अक्षरात संपते. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि अक्षरं तिला टांगत जातात, शक्य तितका हात न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडी सहसा पाळत नाही, हे ऐकून मुलांना फार आनंद होतो. स्वतःचं नाव आणि ‘बडोदे’, एवढंच एका दिवसात पुरे.

बहाव्याच्या पडलेल्या काळ्या शेंगा दिसल्या तर दोन-तीन घरी न्या. आत चकत्यांच्या कप्प्यांत एकेक बी असतं. बियांचं कवच इतकं कडक असतं की नुसतं पेरलं तर महिनोन्‌महिने काही होत नाही. पॉलिशपेपरवर एका बाजूला घासून आतला फिका भाग जरासा दिसू द्या, मग चोवीस तास पाण्यात. फुगलेली बी तेवढी पिशवीत लावा, न फुगलेली पुन्हा घासा.

शून्य सावली

बडोदे २२.३ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणून वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो: ३ जूनच्या आसपास आणि ९ जुलैच्या आसपास. दिल्लीच्या मुलांना हे कधीच दिसत नाही. आपल्या घड्याळाची वेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि बडोदे ७३.२ अंशांवर, म्हणून इथली खरी दुपार बारानंतर होते: जूनमध्ये १२:३५ च्या सुमारास, जुलैमध्ये १२:४२ च्या.

३० सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर जाड प्लॅस्टिकची नळी घ्या, दोन्ही टोकं काटकोनात कापलेली. गच्चीवर पांढऱ्या कागदावर ती उभी करा. गवंड्याच्या पाणपातळीने किंवा ओळंब्याने नळी दोन दिशांनी तपासा. जमीन एकच अंश कलती असली तरी अर्ध्या सेंटिमीटरची खोटी सावली राहते आणि मग ‘शून्य’ येतच नाही. कागदाखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या सरकवून ती सरळ करा. १२:१५ ला सावली साधारण अडीच सेंटिमीटर असते. दर पाच मिनिटांनी तिचं टोक पेन्सिलीने खुणवा. पश्चिमेकडून ती नळीकडे सरकते, १२:३५ ला बुडाखाली जाते, आणि थोड्या वेळाने पूर्वेकडून बाहेर येते. सावली बुडाखाली गेली त्या क्षणी नळीच्या तळाशी कागदावर उजेडाचं पूर्ण गोल पडतं. आधी-नंतर ते चंद्रकोरीसारखं कापलेलं असतं. वर सूर्याकडे कुणी पाहायचं नाही.

एका वेळी दोनच मुलं उन्हात, पाच मिनिटं, बाकीची जिन्याच्या सावलीत. ३ तारखेला ढग आले तर २ किंवा ४ ला करा, फरक डोळ्याला जेमतेम कळतो. ९ जुलैला बहुधा आभाळ भरलेलं असतं, म्हणून त्या भरवशावर जूनची दुपार सोडू नका.